वखार दाखवणारा

साडेसातला बसस्टँडच्या रसवंतीपाशी जमायचं.
टोपी आणि पाण्याची बाटली आपापली,
माणशी पन्नास.
आज सहा जण : शिरपूरचं नवं जोडपं,
दोन मास्तरणी,
सगळं मोबाइलमधूनच बघणारा एक पोरगा,
आणि लोटन नाना, भूमापनातून निवृत्त,
वही घेऊन.

मी सांगतो, हा रस्ता सुरतेहून येतो, बऱ्हाणपूरला जातो.
आता नंदुरबारात त्यावर रिक्षांची रांग आहे,
पण तो पाडला बैलांच्या तांड्यांनी.
कापडाचे गठ्ठे, निळीच्या वड्या,
आणि मागून घामाघूम टोपीकर,
त्यांतले काही वलंदेज.
वलंदेज म्हणजे डच ना, एक मास्तरीण विचारते.
हो बाई, डचच.
पण वलंदेज म्हटलं की तोंड कसं भरून येतं.

इथे त्यांची वखार होती म्हणतात.
'म्हणतात' हा शब्द मी जरा हळू उच्चारतो.
पुढे पंक्चरचं दुकान, मागे एक भिंत,
बारीक विटा, भुसभुशीत चुना.
कुणाची, ते भिंतीलाही ठाऊक नसावं.
सहाही जण तिला हात लावतात.
हात लावल्याशिवाय पन्नास रुपये वसूल होत नाहीत.

मग पाताळगंगा.
पाणी नाही. प्लास्टिक, आणि दोन डुकरं.
इथे रंगारी कापड धूत, असं धरून चाला.
नदी निळी व्हायची का, नवी नवरी विचारते.
आजवर कुणी विचारलं नव्हतं.
व्हायची, मी म्हणतो,
खालच्या गावची गुरं निळ्या तोंडानं घरी यायची.
हे मी तिथल्या तिथे रचलं
आणि मलाच ते दिसलं.

टोपीकरांच्या वह्यांत सगळं असतं म्हणे :
किती गज, किती गठ्ठे, वाटेत किती भिजले,
जकातीला किती, नाक्यावरच्याला गुपचूप किती.
रंगवणाऱ्याचं नाव नसतं.
म्हणून मी एक ठेवलंय.
उखर्डू रंगारी.
दोन वर्षं झाली, दर रविवारी तो या काठावर
कोपरापर्यंत निळा उभा राहतो,
वलंदेजाशी अर्ध्या गजावरून भांडतो,
आणि जिंकतो.
उन्हाळ्यात जरा लवकर जिंकतो, मला तहान लागते.

लोटन नाना थांबले. चष्मा पुसला.
उखर्डू... कोणाचा? कोणत्या सालचा दाखला?
चाळीस वर्षं हद्दीचे दगड हुडकलेल्या माणसाला
काय सांगणार.
दाखला नाही, म्हटलं.
बरं, म्हणाले, आणि तरीही वहीत लिहिलं,
'उखर्डू', खाली दोन रेघा,
साखळीनं मोजून ओढल्यासारख्या.
खोडा म्हणायला हवं होतं.
नाही म्हटलं.

शेवट मिरचीच्या पथारीवर.
हा थांबा आधी नव्हता, लोकच मागतात, फोटो छान येतात.
बांधापासून बांधापर्यंत लाल,
आणि त्यात ओळीनं बसलेल्या बाया, देठ खुडत,
किलोवर मजुरी.
काट्यापाशी मुकादम, मांडीवर वही.
त्या वहीत मी कधी डोकावलो नाही.

तिसऱ्या ओळीत सुपडाबाई, माझी आई.
हे मी फेरीत सांगत नाही.
ती ओळख दाखवत नाही, मीही नाही.
तसं काही ठरलेलं नाही, होऊन गेलंय.

आज मास्तरणींनी वाकून एकेक मिरची उचलली,
नवरीनं मूठभर घेऊन नवऱ्याच्या ओंजळीत ओतली,
पोरानं पहिल्यांदाच मोबाइल खिशात घातला,
नानांनी पेन कानाला लावून
एक देठ चिमटीत धरून निरखला.
आणि आई, मान वर न करता,
सहाही जणांना, मला धरून सातांना, म्हणाली :

डोयाले हात नका लाऊ.